दोन सह्यांची सहल

मधुकर, तुझी बातमी मीच फोनवरून सांगितली. नाव, गाव, वय, मागे कोण कोण, अंत्यसंस्कार कुठे. डेस्कने ती आतल्या पानावर घेतली. तिच्यात चूक नव्हती. एक गोष्ट मात्र तिच्यात नव्हती, आणि निधनाच्या बातमीत ती घालायची पद्धतही नाही. तुझी केरळची सहल महिन्याभरावर आली होती. बसभर लोकांनी वर्षभर भिशी भरून पैसे जमवले होते. तू नसताना ती सहल जाणार की मोडणार, हे त्या दिवशी खामगावात कोणालाच सांगता येत नव्हतं.

स्मशानभूमीतून परतल्यावर विमलवहिनींनी तुझा फोन माझ्या हातात ठेवला. "भाऊजी, हा सकाळपासून वाजूनच राह्यला. तुमीच बोला. मले काय सांगावं ते सुचत नाही."

पहिला फोन जळंबच्या एका गृहस्थांचा होता. त्यांना कळलं नव्हतं. "मधुभाऊ, मुन्नारले स्वेटर घ्या लागते काय हो?" मी कोण ते सांगितलं आणि काय झालं तेही सांगितलं. मग ते म्हणाले, "मंग सहल?" आणि लगेच, "तसं नाही हो दादा. चुकून निघालं तोंडातून." मी म्हटलं, प्रश्न बरोबर आहे, उत्तर माझ्याजवळ नाही. हेच मी त्या संध्याकाळी अनेकांना सांगितलं. प्रत्येकजण आधी तुझ्याबद्दल बोलला, मग अडखळत सहलीबद्दल. एका बाईंनी तर तुझ्याबद्दल बोलून फोन ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा केला.

आपली ओळख एका फसलेल्या सहलीतून झाली. शेजारच्या तालुक्यातल्या एका संयोजकाने सारनाथ, बुद्धगया, कुशीनगर असा दौरा काढला होता. परतीच्या दिवशी तो स्टेशनवर आला नाही. तिकिटं काढलेलीच नव्हती आणि त्याचा फोन बंद होता. त्या लोकांत तू होतास, बरोबर आई होती. घरून बांधून नेलेल्या चिवड्याच्या कागदावर आमच्या पेपरच्या कार्यालयाचा नंबर छापलेला होता. तो पाहून तू फोन केलास. मदत मागितली नाहीस. "बातमी येईल का, एवढं सांगा," म्हणालास. बातमी आली. नातेवाइकांनी पैसे पाठवले, लोक परतले, आणि दोन दिवसांनी तू कार्यालयात येऊन उभा राहिलास. मला वाटलं आभार मानायला आला असशील. तू अंक टेबलावर आपटलास.

"हे 'असहाय प्रवासी' कोणी लिहिलं?"

"मी."

"असहाय कोण होतं बे? आम्ही प्लॅटफॉर्मवर खिचडी शिजवून खाल्ली. रेल्वेच्या पोलिसाले बी दिली."

पुढच्या अंकात खुलासा छापला नाही. संपादक तयार झाले नसते. पण त्या दिवसापासून तू मला 'बे' म्हणायला लागलास आणि मी तुझ्या दुकानावर चहाला यायला लागलो.

दुकान बसस्थानकासमोर होतं. रिचार्ज, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. तिथेच एका कोपऱ्यात तू सहलीचा धंदा मांडलास. तुझं म्हणणं सरळ होतं. आपल्या भागातला माणूस घर सोडतो तो दर्शनासाठी, लग्नासाठी नाहीतर दवाखान्यासाठी. नुसतं फिरायला कोणी जात नाही. तू लोकांना नुसतं फिरायला नेणार होतास. सुरुवातीला लोक दुकानात येऊन विचारायचे, "काऊन जाऊन राह्यले असं कोणी विचारलं तं काय सांगावं?" तू सांगायचास, "काहीच कारण नाही म्हणून सांगा. एकदा म्हणून तं पाहा, किती बरं वाटते." पहिल्या वर्षी बस अर्धीही भरली नाही. पुढे लोक स्वतःहून विचारायला येऊ लागले.

पैशाची व्यवस्था ही मात्र तुझीच अक्कल. स्टेशनवर अडकलेल्या त्या दिवसांत तू ठरवलं होतंस की प्रवाशांचा पैसा संयोजकाच्या हातात जाता कामा नये. लोक दर महिन्याला भिशीसारखी रक्कम भरायचे. ती बँकेत संयुक्त खात्यात जायची आणि खातं असायचं प्रवाशांपैकीच दोघांच्या नावे. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसा हलत नसे. हॉटेल, बस, बोट यांचे हप्ते तिथूनच जायचे. तुझी मजुरी सगळे सुखरूप घरी आल्यावर.

इथपर्यंत कोणालाही सुचलं असतं. ते दोघे निवडायची तुझी रीत मात्र दुसऱ्या कोणाला सुचली नसती. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही असेच दोघे तू शोधायचास. "पटते त्यायनं मिळून खाल्लं तं?" तू विचारायचास. "भांडणारे दोघं एकमेकावर डोळा ठेवून राह्यतात. बँकेपेक्षा पक्कं." दर सहलीआधी तू गावात कोणाकोणाचं बिनसलंय याची चौकशी करायचास. लोकांना वाटायचं तू समेट घडवायला निघालास.

यावर आपण जितके भांडलो तितके राजकारणावरही नाही. माझं म्हणणं होतं की मोठ्या कंपन्यांकडे नोंदणी असते, विमा असतो. कंपनी बुडाली तरी प्रवाशाचे पैसे परत मिळतील असं लेखी दिलेलं असतं. अडचण आली तर चोवीस तास चालू असलेला नंबर असतो. तूही अटी छापून दे. सहल रद्द झाली तर काय, कोणी आजारी पडलं तर काय, संयोजकच राहिला नाही तर काय.

"थ्या चोवीस तासाच्या नंबरवर काय म्हणते ठाव आहे तुले? मराठीसाठी अमुक दाबा. दाबलं का गाणं लागते. आपल्या लोकायले नाव घेऊन बोलणारा माणूस पायजे."

"आणि तो माणूसच गेला तर?"

"मंग तू उचलजो फोन. रिकामाच तं असतो."

तेव्हा मी हसलो होतो. मग दुसरा मुद्दा काढला. "तुझ्या दोघांपैकी एक जण अडून बसला तर? सही देत नाही म्हणाला तर?"

"अडून बसला तं..." तू सुरुवात केलीस. तेवढ्यात एक बाई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आल्या. तू मशीनकडे वळलास. तुझं वाक्य तिथेच राहिलं. नंतर मी ते पुन्हा विचारलं नाही. विचारायला वेळ आहे असं वाटत होतं.

यंदाच्या सहलीसाठी मी आणि माझ्या बायकोने पहिल्यांदाच तुझ्या भिशीत नाव घातलं. तू दुकानात सगळ्यांदेखत जाहीर केलंस, "पत्रकार साहेब लेखी हमीशिवाय येऊन राह्यले. लिहून ठेवा कोणीतरी."

केरळच्या सहलीसाठी तू आधी जळंबचे दोन व्याही निवडले होतेस. मुलामुलीच्या लग्नात मानपानावरून बिनसलं आणि तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद होतं. तुझ्या हिशेबाने जोडी उत्तम होती. मग सगळ्यांना घेऊन तू लोणारला गेलास. प्रत्येक मोठ्या सहलीआधी एक दिवस असं कुठेतरी नेण्याचा तुझा नेम होता. तू त्याला गुडघे तपासणी म्हणायचास. विवरात कोण उतरतं, कोण वरच बसून राहतं, कोणाला दर तासाला चहा लागतो, हे तू बघायचास आणि त्यावरून खोल्या आणि जागा ठरवायचास.

परतताना लोणारच्या स्थानकावर आपण भजी खात होतो. तेव्हा देशपांडे सरांच्या पत्नी आपल्या गाडीऐवजी रिसोडच्या एसटीत जाऊन बसल्या. सर म्हणजे निवृत्त शिक्षक. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गणित शिकवलेलं. ते पैसे देत उभे होते, त्यांचं लक्ष नव्हतं. तुझं होतं. तू गेलास, त्यांना खाली उतरवलंस आणि मोठ्याने म्हणालास, "वहिनीले आपली सहल पसंत नाही वाटते. रिसोडले चालल्या होत्या." सगळे हसले. वहिनीही हसल्या. सर हसले नाहीत. मी ते पाहिलं आणि सर कडक आहेत एवढाच अर्थ काढला.

त्यानंतर लवकरच तू सह्यांची जोडी बदललीस. व्याह्यांऐवजी देशपांडे सर आणि खरात सिस्टर. सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आणि सरांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. नळ आला की सर मोटर लावतात आणि सिस्टरचा नळ फुसफुसतो. यावरून त्या दोघांचं भांडण कॉलनीला पाठ आहे. जोडी का बदललीस असं मी विचारलं. तू म्हणालास, "व्याह्यायचं जमलं बे. आता थे कामाचे नाही राह्यले." मी मान्य केलं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली आणि सहलीचे लोक मांडवात थांबून राहिले. कोणी विषय काढेना. शेवटी विमलवहिनीच म्हणाल्या, "त्यायचं राह्यलं ते राह्यलं. तुमचं काऊन थांबवता?" हाऊसबोटवाल्याचा आणि हॉटेलचा हप्ता पाठवायचा होता. सिस्टर म्हणाल्या, "मी तयार आहे. सही आता घ्या." नोकरीभर त्यांची रजा कोणाच्या ना कोणाच्या आजारपणात गेली होती. ही सहल पहिल्यांदाच त्यांची स्वतःची होती.

सर उठून उभे राहिले. "सहल रद्द करावी. ज्याचे त्याचे पैसे परत करावेत. मी हप्त्यावर सही करणार नाही."

"कारण?" सिस्टरनी विचारलं.

"कारण सांगायला मी बांधील नाही."

"पैसे परत करायच्या कागदावर मी नाही करत सही. मंग ठेवा पैसे बँकेत, अंडे घालतील."

मांडवात कोणी हसलं नाही. तुझी व्यवस्था तू सांगितलीस तशीच चालली होती. कोणीही पैसे खाऊ शकत नव्हतं. तसंच कोणीही कुठे जाऊ शकत नव्हतं. मी हेच सांगितलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. लोक पायात चपला घालत होते आणि आपसात हळू बोलत होते. मधुभाऊनं पैशाचं काय करून ठेवलं, असं कोणीतरी म्हटलेलं मला ऐकू आलं. ज्या संयोजकाने तुला स्टेशनवर सोडलं होतं, त्याच्याबद्दल लोक असंच बोलले होते. आता तुझं नाव त्या पंगतीत बसणार होतं.

नळ आला त्या दिवशी सिस्टरनी मला बोलावून घेतलं. "चला, साक्षीदार म्हणून या. नाहीतर सर म्हणतील बाई भांडायले आली." आम्ही गेलो. मोटर चालूच होती. सरांनी बसायला सांगितलं. देशपांडेवहिनींनी चहा आणला. चांगला झाला होता. बोलणं जमेना, म्हणून सिस्टरनी पाण्याचा विषय काढला. सरांनी त्यावर उत्तर दिलं आणि दोघेही जरा मोकळे झाले. तेवढ्यात वहिनी पुन्हा आल्या. हातात ट्रे होता आणि ट्रेमध्ये चहा.

"घ्या ना," त्या म्हणाल्या. "केव्हाचे बसलात, चहा नाही काही नाही."

सर जमिनीकडे बघत राहिले. रिकामे कप समोर होते. सिस्टरनी ते उचलून खुर्चीखाली सरकवले, दुसरा कप घेतला आणि शेवटपर्यंत प्यायल्या. मीही प्यायलो.

"साखर बेताची टाकली वहिनी, चांगलं केलं," सिस्टर म्हणाल्या. "केरळात म्हणे चहा लई गोड देतात."

"बोटीत कधी बसायचं हो?" वहिनींनी विचारलं.

"लवकरच," सर म्हणाले. त्या आत गेल्या. सर म्हणाले, "दिवसातून कितीदा तरी विचारते. बाकी सगळं निसटतं. बोट निसटत नाही."

"केव्हापासून हो सर?" सिस्टरनी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून. डॉक्टर म्हणतात, वाढत जाईल. न्यायचं तर आत्ताच न्यायला हवं. पुढच्या वर्षी बोट म्हणजे काय ते तरी कळेल का, माहीत नाही." मग ते थांबले. चष्मा काढून पुसला. "मधुकरला कल्पना होती. तो म्हणाला होता, सर, मी आहे ना, तुम्ही काळजी करू नका. आता तो नाही. परक्या गावात ही हात सोडून कुठे गेली तर मी कोणाला हाक मारू? चारचौघांत हे सांगायचं नव्हतं मला."

"मले मारा ना."

"तुम्हाला?"

"मोटर बंद करा म्हणून भिंतीवरून वरडते, तवा माहा आवाज येते ना तुमाले? तेवढ्याच जोरानं तिथं बी वरडीन. आख्खं केरळ ऐकेल." सिस्टर उठल्या. "चोवीस तास ड्युटी केली हो मी. एक बाई सांभाळणं जड नाही मले. आणा तो कागद."

सरांनी सही केली. सिस्टरनी त्याखाली केली. निघताना त्या दारात थांबल्या. "मोटरचं मी विसरली नाही, सर."

"मीही नाही," सर म्हणाले.

त्या संध्याकाळी मी तुझ्याच फोनवरून सगळ्यांना कळवलं. हाऊसबोटवाल्यालाही. त्याला मोडक्या हिंदीत तुझ्याबद्दल सांगितलं, तर तो म्हणाला की स्टेशनवर तो स्वतः येईल. जळंबचे ते स्वेटर विचारणारे गृहस्थ त्या दोन व्याह्यांपैकीच एक. त्यांना म्हटलं, तुमच्या व्याह्यांनाही सांगून टाका.

"थे तुमीच सांगा दादा. आमचं बोलणं नाही."

"अजून नाही?"

"अजून म्हंजे? झालं कधी होतं?"

मी फोन ठेवला आणि बसून राहिलो. व्याह्यांचं जमलेलं नव्हतं. म्हणजे जोडी बदलायचं तू मला दिलेलं कारण खरं नव्हतं. क्रम मी पुन्हा मनाशी लावून पाहिला. लोणार, रिसोडची एसटी, आणि त्यानंतर लगेच सर आणि सिस्टर. भांडण हे कारण असतं तर व्याही पुरेसे होते. सिस्टर परिचारिका आहेत. त्या शेजारी राहतात. आणि सही अडली तर त्यांना सरांच्या घरात जाऊन बसावंच लागणार होतं. तू हे सगळं धरून चालला होतास का? अडून बसला तर काय होईल, हे तुला माहीत होतं का?

मी विमलवहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मले त्यायनं काही सांगितलं नाही, भाऊजी. सिस्टरच्या घरी एक-दोनदा गेले होते, एवढं माहीत आहे. काऊन गेले होते ते त्यायलेच ठाव." सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "आला होता. बीपीच्या गोळ्यायचं विचारून गेला. त्याच्याच बीपीच्या." मी पुढे विचारलं नाही.

दुजोरा मिळाला नाही, मधुकर. ही बातमी असती तर मी ती सोडून दिली असती. हे बातमीत जाणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. तुझ्या व्यवस्थेत भोक होतं, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही. त्या घरी सिस्टरऐवजी दुसरं कोणी गेलं असतं, दुसरा चहा पाहून नुसतं गप्प बसलं असतं, तर पैसे आजही बँकेत पडून असते आणि तुझं नाव खराब झालं असतं. अटी छापायला हव्या होत्या. यावर तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे, आणि त्यावर मी काय म्हणालो असतो तेही. ते सगळं आपण पुढच्या चहाला बोललो असतो. तो चहा आता नाही, याची सवय लागायला वेळ लागेल. दुकानाचं शटर अर्धं उघडं दिसलं की पाय अजून तिकडेच वळतो.

मला तुझे आभार मानायचे होते. कशाबद्दल, ते नेमकं लिहिता येत नाही. माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदाच कारणाशिवाय घराबाहेर निघाली आहे. तिने बहिणीला फोन करून तसं सांगितलंही. काऊन जाऊन राह्यली म्हणून बहिणीने दोनदा विचारलं, आणि हिने दोन्ही वेळा काहीच कारण नाही म्हणून सांगितलं.

उद्या सकाळी शेगावहून गाडी आहे, कल्याणला बदलायची. आज दुपारी देशपांडे सर माझ्याकडे आले होते. त्यांना जागांची अदलाबदल हवी होती. वहिनींना सिस्टरच्या समोरचा खालचा बर्थ द्या आणि मला दुसऱ्या टोकाला कुठेही टाका, म्हणाले. मी कारण विचारलं. सर म्हणाले, सिस्टरच्या बाजूला पंख्याचा वारा थेट अंगावर येतो, मला सोसत नाही.

मी हेही कारण मान्य केलं आणि बदल करून दिला.